शुक्रवारचं ॲसिड

निवृत्तीला बावीस दिवस उरले होते, तेव्हा आमचा स्टोअरकीपर खोलीच्या दारात येऊन उभा राहिला आणि तळघरातल्या जुन्या वह्यांचं काय करायचं ते विचारू लागला. दहा वर्षांहून जुन्या नोंदवह्या यंत्रात घालून फाडायच्या असा संस्थेचा नियम आहे. पण फाडण्याआधी विभागप्रमुखाने प्रत्येक वही चाळून तिच्यावर सही करायची. म्हणजे फेकून द्यायलासुद्धा सही. हा नियम मीच भांडून करून घेतला होता, त्यामुळे कुरकुर करायला तोंड नव्हतं. पाठवा वर, म्हटलं.

चौतीस वह्या आल्या. दुपारच्या चहापर्यंत अठरा उरकल्या. चाळणं कसलं, पहिलं पान, शेवटचं पान आणि सही. एकोणिसावी हिरव्या पुठ्ठ्याची होती. ती उघडली आणि अक्षर पाहून हात थांबला. इतकं बारीक अक्षर आमच्या लॅबमध्ये एकाच मुलीचं होतं. ते वाचायला मला भिंग लागायचं आणि त्यावरून मी तिला येताजाता बोलायचे.

मुंगी. माझ्या ताईची मुलगी. लहानपणी घरभर काही ना काही इकडून तिकडे वाहून नेत असायची, म्हणून ताईनेच ठेवलेलं नाव. रसायनशास्त्रात पहिली आली, आमच्या संस्थेत मुलाखत दिली आणि नेमकी माझ्याच विभागात निवडली गेली. मुलाखत चालू असताना मी बाहेरच्या बाकावर बसून होते, मुद्दाम, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना दिसेल अशी. पहिल्याच दिवशी तिला सांगितलं की या दारातून आत आल्यावर मी मावशी नाही. मॅडम म्हणायचं आणि तुम्ही म्हणायचं. ती हसून 'बरं, मॅडम' म्हणाली. तेव्हा आम्हा दोघींनाही त्याची गंमत वाटली होती.

आमचं काम विजेने संयुगं तयार करण्याचं. काचेच्या भांड्यात द्रावण घ्यायचं, त्यात दोन इलेक्ट्रोड बुडवायचे आणि मंद वीज सोडायची. एक इलेक्ट्रोड निकेलच्या जाळीचा, तो वीज चालू असताना तसाच्या तसा राहतो. दुसरी जस्ताची कांडी. ती साबणाच्या वडीसारखी झिजत जाते. झिजलेलं जस्त द्रावणात उतरतं आणि कार्बनच्या रेणूला जाऊन चिकटतं. असे धातू चिकटलेले रेणू औषधं बनवणाऱ्यांना हवे असतात. अडचण एवढीच की जस्त आपणहून चिकटत नाही. मध्ये कुणीतरी मध्यस्थ लागतो. निकेलचा नाहीतर कोबाल्टचा क्षार, चिमूटभर, मोजूनमापून घातलेला.

इलेक्ट्रोड वापरण्याआधी सौम्य ॲसिडमध्ये धुवून घ्यायचे. त्यासाठी खिडकीजवळ एक मोठी बरणी असायची. त्या बरणीतलं ॲसिड दर सोमवारी बदलायचं आणि आठवडाभर तेच पुरवायचं, हा माझा नियम. वाया घालवणं मला सहन होत नाही. कपाटाच्या दारावर माझ्या अक्षरात तो नियम चिकटवलेला होता, मोठ्या अक्षरात, कुणाला भिंग लागू नये म्हणून.

तर मुंगीने मध्यस्थाशिवाय ते संयुग करून दाखवलं. शंभरातले चौऱ्याहत्तर रेणू जस्त घेऊन बाहेर पडले. तिने आकडा सांगितला तेव्हा मी आधी खूश झाले आणि मग घाबरले. खूश का झाले ते कुणालाही कळेल. घाबरले ते लोकांना. चहाच्या टेबलावर कुजबुज सुरू झालीच होती, की मॅडमच्या भाचीला मध्यस्थ लागत नाही, तिला मॅडम आहेत. बोलणाऱ्यांना कोटी चांगली जमली होती, ती फिरत फिरत माझ्यापर्यंत आली.

मी ठरवलं की आपण स्वतः करून बघायचं, आणि असं करायचं की कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये. नवी कांडी घेतली, नवी जाळी घेतली. बरणी रिकामी करून घासली आणि प्रत्येक वेळी ताजं ॲसिड घातलं. मुंगीला त्या दिवसांत लॅबमध्ये पाऊल टाकू दिलं नाही. पहिल्यांदा शंभरात सहा आले, दुसऱ्यांदा आठ, तिसऱ्यांदा पाच.

तिला खोलीत बोलावलं. ती उभीच राहिली. कधी होतं, कधी होत नाही, का ते मलाही कळत नाही, असं तिचं म्हणणं. कधी होतं कधी होत नाही त्याला पाऊस म्हणतात, रसायनशास्त्र म्हणत नाहीत, असं मी तिला सुनावलं. आकडे बनवलेस का, असंही विचारलं. दार उघडं होतं. ते मी उघडं ठेवलं होतं.

'मी खोटं लिहिलेलं नाही, मॅडम.'

एवढंच बोलली. रडली असती, भांडली असती, मावशी म्हणून गळ्यात पडली असती, तर कदाचित मी दार लावून घेतलं असतं. पण हाडाची मुंगी ती. मी तिला सांगितलेला नियम तिने शेवटपर्यंत पाळला.

मी समितीला पत्र दिलं की या मुलीच्या नोंदींवर विसंबता येत नाही. एका ओळीचं पत्र. तिची शिष्यवृत्ती थांबली, प्रबंध राहिला, आणि पुढच्या दोन ठिकाणी तिने अर्ज केले तेव्हा त्यांनी आमच्या संस्थेकडे चौकशी केली. चौकशीला उत्तरही मीच दिलं. सख्ख्या भाचीलाही सोडलं नाही म्हणून वर्षभर माझं कौतुक चाललं होतं आणि ते मला आवडत होतं. हे लिहायला जड जातंय, पण आवडत होतं.

ताईला मी फोन करून कळवलं. तिने ऐकून घेतलं आणि दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवला.

ताईला विज्ञानातलं ओ की ठो कळायचं नाही. मुंगीने लॅब सोडल्यावर तीन वर्षांनी एकदा ताईचा मला लॅबमध्ये फोन आला. काय गं, तुमच्याकडे ती भांडी की काय धुता, ते पाणी शिळं असलं तर फरक पडतो का? मी म्हटलं, 'ताई, ही लॅब आहे, मोरी नाही.' हा किस्सा मी चहाच्या टेबलावर कितीदा सांगितला असेल. हमखास हशा पिकायचा. ताई तीन वर्षांपूर्वी गेली, त्यानंतर मात्र तो सांगायचा मी बंद केला. शोभेना म्हणून, दुसरं काही नाही, असं मला तेव्हा वाटत होतं.

तर ती हिरवी वही. सही करून बाजूला ठेवता आली असती. मी भिंग काढलं.

बारा वर्षांनी ती वही कुणा परक्याची असावी तशी वाचली, आणि परक्याच्या वहीत जे आधी दिसतं तेच मला दिसलं. तारखा आणि वार. मुंगी प्रत्येक प्रयोगाला वार लिहायची. सोमवारी नऊ. मंगळवारी बावीस. गुरुवारी एकसष्ट. शुक्रवारी चौऱ्याहत्तर. पुढच्या सोमवारी पुन्हा सात. तेव्हा मला हे आकडे मनाला येतील तसे ठोकून दिलेले वाटले होते. वार मी वाचलेच नव्हते.

शुक्रवारच्या पानावर खाली एक ओळ होती. 'धुतल्यावर कांडी काळपट पडली. कारण कळत नाही.' आणि त्या ओळीशेजारी समासात लाल शाईने एक शब्द लिहिलेला होता. निष्काळजीपणा. अक्षर माझं होतं.

उठून खिडकीजवळ गेले. बरणी तिथेच होती, नियमही कपाटावर होता, कागद पिवळा पडलेला. आठवडाभर त्याच ॲसिडमध्ये निकेलच्या जाळ्या धुतल्या जायच्या. प्रत्येक धुण्यात थोडं निकेल त्यात उतरायचं. शुक्रवारपर्यंत त्या ॲसिडला हिरवट झाक यायची, रोजच्या बघण्यातली. अशा ॲसिडमध्ये जस्ताची कांडी बुडवली तर निकेल तिच्यावर चढून बसणार आणि ती काळी पडणार. हे शाळेतल्या मुलालाही सांगता येईल. मग ती कांडी भांड्यात गेली, जस्त झिजलं, वरचं निकेल द्रावणात पडलं. म्हणजे मध्यस्थ होताच. तो माझ्या बरणीतून येत होता, माझ्या काटकसरीच्या नियमाने. आणि मी पडताळा घेताना डोळ्यांत तेल घालून तेवढाच काढून टाकला होता.

तरीही मी स्वतःवर लगेच विश्वास ठेवला नाही. तेवढी सवय अजून शिल्लक होती. सोमवारी बरणीत ताजं ॲसिड घातलं आणि विभागात सांगून ठेवलं की सगळ्या जाळ्या यातच धुवायच्या, आठवडाभर कुणी हात लावायचा नाही. निवृत्तीच्या तोंडावर म्हातारीने काय काढलंय, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. शुक्रवारी सकाळी कांडी बुडवली. मिनिटभरात ती कढईच्या बुडासारखी काळी झाली. संध्याकाळी पाचला निकाल हातात आला. एकाहत्तर.

मी स्टुलावर बसून राहिले. बारा वर्षं मी एका खऱ्या मुलीला खोटारडी म्हणत आले होते आणि तिच्या हाताशी आलेल्या नोकऱ्या काढून घेतल्या होत्या. लाज वाटली. सरळ सांगायचं तर रडूही आलं, पण लॅबमध्ये चष्मा काढायचा नाही हाही नियम माझाच.

त्याच संध्याकाळी दोन कागद तयार केले. एक समितीला पत्र, की माझं आधीचं पत्र चुकीचं होतं. दुसरा छोटा शोधनिबंध, त्यावर पहिलं नाव मुंगीचं. शनिवारी ते पाकिटात घालून तिच्याकडे गेले.

मुंगी आता नळांवर मुलामा चढवण्याच्या कारखान्यात देखरेखीला आहे. पत्र्याची लांबलचक शेड, रस्त्याच्या टोकाला, शेजारी टायरवाला. ताई गेली तेव्हा आम्ही दोघी भेटलो होतो, पण कामापुरतंच बोललो. तिच्या कारखान्यात मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. आत शिरताच ॲसिडचा ओळखीचा वास आला. छताजवळ मोठा पंखा घरघरत होता, त्याच्या आवाजात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येईना. एका रांगेत आठ टाक्या होत्या आणि वरच्या दांड्यावर नळ टांगलेले, वाळत घातलेल्या मोज्यांसारखे.

मुंगी तिसऱ्या टाकीपाशी होती. कोपरापर्यंत रबरी हातमोजे, केसांत थोडं पांढरं. मला बघून तिने मान हलवली, पण हातातलं काम संपवूनच वळली. तेवढ्यात माझं लक्ष भिंतीवरच्या पाटीकडे गेलं. मोठ्या अक्षरात रंगवलेली पाटी. 'जस्ताचा माल निळ्या टाकीतच धुवावा. निकेलच्या टाकीत बुडवू नये. काळा पडतो.'

मी ती पाटी दोनदा वाचली. खिशातून पाकीट काढायचंही भान राहिलं नाही.

ही पाटी कधी लावली, मी विचारलं. नऊ वर्षं झाली, ती म्हणाली. कामाला लागली त्याच महिन्यात जस्ताच्या नळांचा एक अख्खा घाणा काळा पडला होता. जुन्या कारागिराने हसत हसत तिला कारण सांगितलं. त्याला त्यात काही विशेष वाटत नव्हतं, त्यांच्या धंद्यात ते पहिल्या आठवड्यात शिकवतात. तिला मात्र तिथल्या तिथे आमची खिडकीजवळची बरणी आठवली.

'आणि मला सांगितलं नाहीस?'

'आले होते सांगायला.'

मला आठवलं. त्या दिवशी आमच्या संस्थेत खाली स्वागतकक्षात ती दहापासून बसली होती. निरोप आला तेव्हा मी मीटिंगमध्ये आहे असं कळवायला सांगितलं. मीटिंग वगैरे काही नव्हती. तिसऱ्या मजल्याच्या काचेतून मला तिचा भांग दिसत होता, आणि मांडीवर ठेवलेली पिशवी. दीड वाजता ती उठून गेली. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

मी पाकीट पुढे केलं. तिने हातमोजे काढले, हात धुतले, पुसले आणि टाकीच्या कठड्याला टेकून दोन्ही कागद वाचले. निबंधात एके ठिकाणी ती थांबली. माझ्या कोटाच्या खिशातलं पेन मागून घेतलं आणि गुरुवारपुढचा आकडा खोडून एकसष्ट केला. मी घाईत एकोणसाठ लिहिलं होतं. वहीचं पान तिला पाठ होतं.

'छापा किंवा नका छापू,' ती कागद परत देत म्हणाली. 'मला आता त्याचा काही उपयोग नाही. कुणावर राग म्हणून नाही म्हणत.'

मी माफी मागितली. माझ्यासारख्या बाईला ती नीट मागतासुद्धा येत नाही. मध्येच ॲसिड, मध्येच समिती, मध्येच त्या वेळचे लोक काय बोलत होते, असं काहीबाही मी बोलत राहिले. तिने मला बोलू दिलं. मग पुन्हा एक हातमोजा चढवू लागली आणि बोटं नीट बसवताना, माझ्याकडे न बघता म्हणाली,

'तुम्ही भेटला नाहीत म्हणून मी आईला सांगितलं. निदान तिला तरी कळावं. स्वयंपाकघरात बसून तासभर समजावलं. पाणी, वाटी, चमचा असं सगळं मांडून. तिने ऐकून घेतलं आणि बघू म्हणाली. त्यानंतर तिने तो विषय कधी काढला नाही. अगदी जाईपर्यंत नाही. मी शेवटचे दोन महिने तिच्याजवळ होते, मॅडम. वाट बघत होते की कधीतरी काढेल.'

पंखा घरघरत होता. वरचे नळ हळूहळू हलत होते.

'आईला मी खोटारडी वाटत राहिले का, तेवढंच मला कळायला हवं होतं. बाकीचं सोडून दिलंय मी.'

मला फोन आठवला. मोरीचा किस्सा. तो सांगताना ताईचं पुढचं वाक्य मी दर वेळी गाळत आले होते, कारण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. ते वाक्य या जगात फक्त मला माहीत होतं. मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. माफी मागून झाली होती, कागद देऊन झाले होते, मुंगीने राग नाही असंही सांगितलं होतं. एवढ्यावर पाय काढता घेतला असता तर थोडीफार अब्रू घेऊन घरी जाता आलं असतं.

मी सांगितलं. म्हटलं, 'तुझ्या आईने मला फोन केला होता. तू तिला समजावलंस त्याच सुमारास असणार. धुण्याच्या पाण्याचं विचारत होती. आणि मी तिला...'

ती दोन पावलं जवळ आली. एका हातात हातमोजा होता, दुसरा हात उघडा.

'आईने विचारलं? तुम्हाला?'

'हो. आणि मी तिची चेष्टा केली. म्हटलं, ही लॅब आहे, मोरी...'

'तुमचं उत्तर नको,' मुंगी म्हणाली. 'तिचे शब्द सांगा.'

मी सांगितले. जसे होते तसे, ताईच्याच हेलात, कारण ते मला दुसऱ्या कुठल्या हेलात येत नव्हते. 'मुंगी सांगते म्हणजे त्यात काहीतरी असणार बघ. माझी मुलगी खोटं लिहिणारी नाही गं. तू एकदा शिळ्या पाण्यात धुऊन बघ ना, माझ्यासाठी.'

मुंगीने ते पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. ती भिंतीपर्यंत चालत गेली, नीट ऐकू यावं म्हणून पंखा बंद केला, आणि परत येऊन मला तिसऱ्यांदा सांगायला लावलं.